राखेतले खिळे

"माझ्या भावाला शुक्रवारी वेडा ठरवणार आहेत," ती बाई म्हणाली आणि अंगावरचा ओला कोट काढून तिने खिडकीतून आत दिला.

आग्निया मार्कोव्नाने कोट घेतला, झटकला आणि खुंटीला टांगला. सार्वजनिक न्हाणीघरात येणाऱ्यांचे कोट सांभाळणे हे तिचे काम होते. पूर्वी ती एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुन्या चित्रांचे रंग तपासत असे. एका निषेधपत्रावर सही केली आणि परीक्षानळ्यांपासून थेट खुंट्यांपर्यंत आली. ज्यांना पोलिसांकडे जाण्याची सोय नव्हती ते लेनिनग्राडकर आपल्या अडचणी तिच्याकडे आणत. तिला कोणी हेर म्हणत नसे. तो शब्द सरकारला खबरा देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता.

"आत या, बसा. हे ऑसिप येफिमोविच, दातांचे डॉक्टर. यांच्यासमोर बोललात तरी चालेल. हे ऐकतात सगळं, यांना कळतं थोडं."

"कळतं सगळंच," टकलावरचा घाम टॉवेलने पुसत ऑसिप म्हणाला, "फक्त उशिरा."

बाईला हसू आले नाही. तिचे नाव लीदिया रुदाकोवा. पावाच्या कारखान्यात कामाला. तिचा धाकटा भाऊ ग्लेब चित्रकार होता, पण कागदोपत्री नव्हे. कलाकार संघाने त्याला कधीच सदस्य करून घेतले नाही.

"का?" ऑसिपने विचारले.

"तो रांगेत उभी असलेली माणसं काढतो. सगळी पाठमोरी. संघातले साहेब म्हणाले, सोव्हिएत माणूस पाठ का दाखवतोय? ग्लेब म्हणाला, कारण मी रांगेत त्याच्या मागे उभा असतो."

"मग पोटापाण्याचं?"

"बॉयलरघरात कोळसा टाकतो. चित्रंही तिथेच, मागच्या कपाटात कुलूप लावून. घरी कुठे ठेवणार? एक खोली, त्यात मी, आणि भिंतीपलीकडे क्लावा मावशी कान लावून. बरं, नाद तरी किती! टेबलावर घालायला एक मेणकापड म्हणून टिकू देत नाही घरात. तीन वर्षांपूर्वी सरकारने त्यांच्या उघड्यावरच्या प्रदर्शनावर माणसं घातली, चित्रं लाकडासकट मोडून ट्रकमध्ये फेकली. तेव्हापासून तर तो कोणाला कपाट उघडूनही दाखवत नाही. एखादंच बाहेर काढतो, दोरीवर चिमट्यांनी टांगतो, की लगेच परत आत."

"आणि गेल्या आठवड्यात काय झालं?"

लीदियाने हात मांडीवर घट्ट दाबून धरले. "शुक्रवारी रात्री त्याची पाळी होती. अंगात ताप होता. सकाळी साध्या कपड्यातली माणसं ट्रक घेऊन आली, झडती घ्यायला. बघतात तर ग्लेब बाकावर गाढ झोपलेला, बॉयलर थंडगार, कपाट उघडं, रिकामं. आणि भट्टीत चित्रांची राख. जाळीत खिळे अडकले, खालून येणारी हवा कोंडली, आग विझली. वरच्या बालवाडीतले पाइप गोठून फुटले. आता म्हणतात, एक तर हा घातपात आहे, नाही तर वेड. स्वतःची सगळी चित्रं जाळणारा शहाणा असेल कसा? शुक्रवारी डॉक्टरांचं मंडळ बसणार."

"ग्लेब काय म्हणतो?"

"वेड्यांच्या इस्पितळात ठेवलाय त्याला. पाच मिनिटं भेटू दिलं. म्हणाला, लिदा, मला काही आठवत नाही. थर्मासमधला चहा कडू लागला, मग झोप आली. तापात मीच जाळली असतील का गं?" तिचा आवाज आता फुटला. "तो दारूला शिवत नाही, त्याला अल्सर आहे. तिथे सुया टोचायला सुरुवात केलीये. हात थरथरतात त्याचे. वर्षभर टोचल्या तर ब्रश धरता येईल का, सांगा? दुसऱ्या कोणी जाळलं हे दाखवता आलं तरच तो सुटेल."

"त्या संध्याकाळी बॉयलरघरात कोण कोण गेलं होतं?"

"क्लावा मावशी, खोल्या गार आहेत म्हणून भांडायला. एरिक, चित्रं विकत मागायला. आणि वादिम लोपातिन, त्याचा जुना मित्र. कलाशाळेपासूनचा. तो मोठा माणूस झाला, संघात आहे, पण ग्लेबला विसरला नाही बिचारा."

आग्निया मार्कोव्नाने तिचा कोट खुंटीवरून काढून परत दिला. "आज आंघोळ राहू दे. चला."

*

बॉयलरघरात नवा माणूस रुजू झाला होता, तत्त्वज्ञानाचा पदवीधर. त्याने पुस्तकातून डोके वर न काढता अंगणातल्या राखेच्या ढिगाकडे बोट केले.

आग्निया मार्कोव्ना ढिगापाशी गुडघे टेकून बसली. तिने कोटाच्या खिशातून लोहचुंबक काढून राखेवरून फिरवला. त्याला काळे, बारीक, रुंद डोक्याचे खिळे चिकटून वर आले. मूठभर. मग आणखी मूठभर.

"घ्या," ऑसिप म्हणाला. "पोलिसांचं बरोबर आहे. चित्रं जळली की खिळे उरणारच. कवळी जाळली तर तारा उरतात तसे."

"बरोबर," ती म्हणाली. "चित्रांना खिळे असतात."

तिने भट्टीचे राखेचे दार उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवले. दाराच्या फटीत कॅनव्हासचा नखाएवढा तुकडा अडकला होता. तो भडक लाल होता. तिने तो आगपेटीत टाकला. मग कपाटापाशी गेली. तिथे ग्लेबचे डबे ओळीने होते: खिडक्यांचा पांढरा, कुंपणाचा हिरवा, जमिनीला लावायचा तांबडा. वर दोरी बांधलेली होती आणि दोरीवर कपड्यांचे चिमटे. तांबड्या डब्यातला थोडा रंग तिने काडीने खरवडून कागदात बांधला.

"एवढासा लाल तुकडा कशाला?" ऑसिपने विचारले.

"उद्या तुमच्या दवाखान्यात सांगते. दातांवरच्या सोन्याच्या टोप्या साफ करायला मिठाचं आम्ल वापरता ना?"

"वापरतो. पण ते मोजून मिळतं हो."

"एक थेंब लागेल. कंजूषपणा करू नका."

*

क्लावदिया, म्हणजे क्लावा मावशी, सामायिक स्वयंपाकघरात आपल्या चुलीसमोर आपल्याच दिव्याखाली कोबीचे सूप ढवळत होती. इतरांच्या चुलींवरचे दिवे बंद होते.

"मी तक्रार केली," विचारायच्या आधीच ती म्हणाली. "केली म्हणजे केली. घरात रंगाचा वास, टर्पेंटाइनचा वास. पण ती घरापुरती! बॉयलरघरात तो काय करतो ते मला काय माहीत?"

"त्याची खोली रिकामी झाली तर कोणाला मिळेल, मावशी?" ऑसिपने गोड आवाजात विचारले.

"मला! मग? माझी मुलगी, जावई आणि बाळ तिघं एका पडद्यामागे झोपतात. तुम्ही झोपून बघा एकदा, डॉक्टर! पण म्हणून मी आग लावीन? त्या रात्री माझंच नातवंड गारठलं. मी बॉयलरघरात जाऊन त्या ग्लेबला चांगलं सुनावलं. म्हटलं, मेल्या, चित्रातल्या लोकांना ऊब देतोस का कोळशाची?"

"त्यावर तो काय म्हणाला?" आग्निया मार्कोव्नाने विचारले.

"हसला. खोकला. ताप होता त्याला." क्लावा मावशीने पळी खाली ठेवली. तिचा आवाज जरा उतरला. "वाईट नाही हो पोरगा. नळ गळला की तोच दुरुस्त करायचा."

"नंतर खिडकीतून काही दिसलं?"

"मी काय खिडकीत बसून असते?"

"नाही. पण बाळ रडत असेल, उठावं लागलं असेल."

"तेच सांगतेय. बाळाला घेऊन उभी होते. अंगणातून एक माणूस बर्फावरची घसरगाडी ओढत बॉयलरघराकडे गेला. वर ओझं, चादरीत बांधलेलं. मला वाटलं, कोणी जुनं सामान जाळायला आणलं असेल. दोन-तीन खेपा केल्या. पुढे तो परत गेला तेव्हा पण गाडीवर ओझं होतंच. मी म्हटलं, हा हमाल आहे की काय, येतानाही भरलेली, जातानाही भरलेली!"

"कोण होता?"

"अंगणातला दिवा कधीचा फुटलाय. कानापर्यंत टोपी. उंच नाही, बुटका नाही. तुमच्यासारखा, डॉक्टर."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे? त्यांनी विचारलं, ग्लेब वेड्यासारखा वागायचा का. मी म्हटलं, सगळेच वागतात."

*

एरिक त्यांना एका कॅफेत भेटला. दारातून आत येताना तो कमरेत वाकला आणि टेबलाखाली त्याचे पाय मावेनात. तो एस्टोनियाचा. परदेशी लोकांशी त्याचे गुपचूप व्यवहार चालत.

"मी चोर असेन," तो शांतपणे म्हणाला, "पण मूर्ख नाही. जळलेलं चित्र कोणी विकत घेतं का?"

"चोरून मग दुसरंच काही जाळता येतं," आग्निया मार्कोव्ना म्हणाली.

एरिकने तिच्याकडे नीट पाहिले. "मला ते सुचलं असतं तर मी केलं असतं. ग्लेबची चित्रं म्हणजे आमच्या धंद्यात देवाची कृपा. गुंडाळायची, स्कीच्या पिशवीत घालायची आणि स्टेशनवर जायचं. इतरांची चौकटीसकट उचला म्हणजे कपाट उचलल्यासारखं. पण तो विकेचना! शुक्रवारीसुद्धा गेलो. म्हणाला, माझी माणसं आधीच रांगेत आहेत, त्यांना आणि परदेशी कशाला पाठवू?"

"सकाळी झडती होणार हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक असतं तर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं असतं का? माझ्या खिशात डॉलर होते, बाई."

बाहेर पडल्यावर ऑसिप म्हणाला, "हाच. चोराच्या उलट्या बोंबा."

"क्लावा मावशीने पाहिलेल्या माणसाएवढा करायला याचे पाय गुडघ्यापासून कापावे लागतील, ऑसिप येफिमोविच."

"मग क्लावा मावशीच खोटं बोलतेय."

"बोलत असेल. पण खोटं रचणारा माणूस गाडी येताना भरलेली सांगेल किंवा जाताना. दोन्ही वेळा भरलेली असं खोटं कोणाला सुचेल? त्याचा अर्थ तिला स्वतःलाच कळलेला नाही."

"मलाही नाही," ऑसिपने कबूल केले.

*

वादिम लोपातिनची चित्रशाळा त्याच अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यात वर होती. दार उघडणारा माणूस मध्यम उंचीचा, सुटलेल्या पोटाचा होता. त्याचे डोळे लाल होते आणि दाढी वाढलेली होती.

"ग्लेबसाठी आलात? या, या. काय करता येईल सांगा. मी संघाच्या सचिवांना भेटलो, मंत्रालयात फोन केला. कोणी ऐकत नाही."

मोठी खोली होती. छपराच्या काचेतून बर्फाचा उजेड येत होता. भिंतींवर मळक्या रंगात ठिकठिकाणी फिकट चौकोन उमटले होते. कोपऱ्यात मे दिनाच्या मिरवणुकीचे कापडी फलक काठ्यांना गुंडाळून रचले होते, लाल, जाडजूड.

"तुमची चित्रं कुठे गेली?" आग्निया मार्कोव्नाने विचारले.

"मॉस्कोला. प्रदर्शन आहे. पोलादाचे कामगार, झेंडे, नेहमीचंच." तो ओशाळे हसला. "ग्लेब म्हणायचा, वादिम, तुझ्या चित्रात सगळ्यांना पुढून का दिसतं माहितीये? कारण तू व्यासपीठावर उभा असतोस."

"खोचक बोलायचा."

"खरं बोलायचा. म्हणून तर तो तिथे आणि मी इथे."

ऑसिप टेकायला जागा शोधत होता. तो फलकांना टेकला, एक फलक घसरला आणि जमिनीवर धप्पकन आदळला.

"अरे बापरे! कापड आहे की लोखंड?"

"राहू द्या, राहू द्या, मी उचलतो!" वादिम धावला. त्याने फलक दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी नीट उभा केला. "कारखान्यांची ऑर्डर आहे."

आग्निया मार्कोव्ना मात्र एका कोऱ्या, ताणलेल्या कॅनव्हासची मागची बाजू पाहत होती. "किती सुबक काम. हे तुम्हीच करता?"

"छे हो! कुंभाराने मडकं करावं, आम्ही पाणी प्यावं. संघाच्या कार्यशाळेतून तयार येतात. मी जन्मात हातोडी धरलेली नाही. ग्लेब कलाशाळेत माझेही ताणून द्यायचा."

"तुम्ही बरेच दिवस झोपलेला नाहीत," ऑसिप डॉक्टरी आवाजात म्हणाला. "गोळ्या घेत नाही का?"

"घ्यायचो. संपल्या. महिनाअखेरीशिवाय नवी चिठ्ठी मिळत नाही."

"शुक्रवारी ग्लेबला भेटलात?"

"थोडा वेळ. जॅम घेऊन गेलो होतो, तापासाठी. चहा प्यायलो." त्याने खिडकीकडे तोंड फिरवले. "बरा होता तो. गात होता."

*

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ऑसिपने कुरकुरत आम्लाची बाटली काढली. आग्निया मार्कोव्नाने ग्लेबच्या तांबड्या रंगावर एक थेंब टाकला. काही झाले नाही. मग कॅनव्हासच्या तुकड्यावर टाकला. सडक्या अंड्याचा वास सुटला.

खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या रुग्णाने डॉक्टरांकडे संशयाने पाहिले.

"मी नव्हे!" ऑसिप म्हणाला.

"कॅडमियम," आग्निया मार्कोव्ना म्हणाली. "लीदियाला बोलवा. आपल्याला परत वर जायचंय."

*

त्यांना तिघांना एकत्र पाहून वादिमने दार पूर्ण उघडले. तो बाजूला झाला आणि दार लावून त्याने त्याला पाठ टेकली.

लीदिया उभीच राहिली. "तुम्ही म्हणालात, कोणी जाळलं ते कळलं."

"कळलं," आग्निया मार्कोव्ना म्हणाली. "पण आधी काय जळलं ते सांगते. पोलिसांनी राखेत खिळे पाहिले आणि म्हणाले, चित्रं. ऑसिप येफिमोविचही तेच म्हणाले. चित्राला खिळे असतात हे खरं, पण कोणत्या? लाकडी चौकटीवर ताणलेल्या. तुमचा भाऊ कशावर काढतो, लीदिया?"

"मेणकापडाच्या उलट्या बाजूवर. सांगितलं ना, घरात एक राहू देत नाही."

"चौकटीवर ताणून?"

"नाही. ती मोडतोड झाली तेव्हापासून तो लाकडाच्या नावानेच..." ती थांबली.

"भिंतीला लावून काढतो, गुंडाळून ठेवतो, चिमट्यांनी टांगतो. म्हणून एरिकला ती हवी होती. ग्लेबच्या चित्रात एकही खिळा नाही. तरी राखेत मूठमूठ खिळे. म्हणजे जळलं ते ग्लेबचं नव्हतं."

ऑसिपने कपाळावर हात मारला. "येताना भरलेली, जातानाही भरलेली!"

"उशिरा, पण कळलं. चोर रिकामी गाडी आणतो. जाळणारा रिकामी गाडी नेतो. इथे अदलाबदल झाली. दुसऱ्या कोणाची चित्रं आली आणि ग्लेबची गेली. कोणाची आली? तुकड्यावरचा लाल रंग कॅडमियमचा होता, आम्लात त्याचा वास येतो. ग्लेबचा लाल म्हणजे जमिनीचा रंग, नुसता लोखंडाचा गंज. कॅडमियम संघाच्या सदस्यांनाच मिळतो. क्लावा मावशीकडे असली चित्रं नाहीत. एरिक त्या माणसाच्या दीडपट उंच आहे. राहता राहिला ज्याच्या भिंतींवर फिकट चौकोन आहेत, ज्याच्या झोपेच्या गोळ्या महिना संपायच्या आत संपल्या, तो."

वादिम दाराशी तसाच उभा होता.

"तुम्ही हुशारीने केलंत," ती त्याला म्हणाली. "राख चित्रांच्या राखेसारखी दिसावी म्हणून स्वतःची चित्रं जाळलीत. पण ज्याला कॅनव्हास कायम तयार मिळाला, त्याला लाकूड आठवलं, खिळे नाही आठवले. स्वतः कधी एक जरी ठोकला असता तर आधी काढून ठेवले असते. त्या खिळ्यांनीच जाळी अडली आणि बॉयलर विझला."

"मला वाटलं, त्याला फार तर नोकरीवरून काढतील," वादिम पुटपुटला. "मुलांच्या पाइपांचं... मला खरंच सुचलं नाही."

लीदिया दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली. "कुठायत?"

त्याने कोपऱ्यातल्या फलकांकडे पाहिले.

तिने एक फलक ओढून उलगडला. लाल कापडावर 'कामगारांच्या एकजुटीचा विजय असो' असे लिहिले होते, आणि कापडाच्या आत, एकावर एक, पाठमोरी माणसे होती. कोटांच्या पाठी, शालींच्या पाठी, मफलर गुंडाळलेल्या बारीक माना. लीदियाने एका पाठीवर हात ठेवला. "ही आई," ती म्हणाली.



"एक प्रश्न उरतो," आग्निया मार्कोव्ना म्हणाली. "ट्रक सकाळी आला, अदलाबदल आदल्या रात्री झाली. झडती होणार हे एरिकला ठाऊक नव्हतं, नाहीतर तो फिरकला नसता. तुम्हाला ठाऊक होतं. कसं?"

"तेच विचारणार हे कालच कळलं मला." वादिम खुर्चीत बसला. "बरीच वर्षं झाली. दर महिन्याला गुप्त पोलीस बोलावतात. ग्लेब काय म्हणाला, कोण आलं होतं. मी बिनमहत्त्वाचं सांगायचो. मला वाटायचं, दुसरा कोणी असता तर महत्त्वाचं सांगितलं असतं. ही चित्रशाळा त्याचंच बक्षीस. मग गेल्या आठवड्यात म्हणाले, शनिवारी सगळी उचलून नष्ट करणार. ग्लेबला सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, तुला कसं कळलं."

लीदियाने त्याच्या थोबाडीत मारली. मग तिला काय करावे कळेना. ती आपला तो हात दुसऱ्या हाताने धरून उभी राहिली.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "जाऊन सांग त्यांना. उद्या मंडळ बसतंय."

"खरं सांगितलं तर ग्लेब सुटेल," आग्निया मार्कोव्ना म्हणाली, "आणि ते इथे येऊन हे फलक उलगडतील. नाही सांगितलं तर हे वाचेल आणि ग्लेब संपेल. मला याच्या पुढचं उत्तर माहीत नाही, लीदिया. मला फक्त काय झालं ते शोधता येतं."

छपराच्या काचेवरून बर्फाचा थर घसरला आणि खोली अचानक उजळली.

"तिसरं एक आहे," वादिम म्हणाला. "जाळली ती त्याचीच चित्रं होती, असं म्हणायचं. मी जाळली. हेव्याने. गोळ्या मी दिल्या, भट्टीत मी घातली. गोळ्यांची चिठ्ठी आहे, त्या रात्री अंगणात माणूस पाहिलेली बाई आहे. सगळं खरंच आहे, एक गोष्ट सोडून."

"तुरुंगात घालतील," ऑसिप म्हणाला.

"हो."

"आणि ग्लेबला मी काय सांगू?" लीदियाने विचारले.

"हेच."

"कधीपर्यंत?"

आग्निया मार्कोव्ना खाली बसून तो फलक पुन्हा गुंडाळू लागली होती. "त्याच्यावर नजर राहील. त्याचे भेटणारे, त्याची पत्रं, त्याचा चेहरा. ज्याचं सगळं जळालं तो माणूस कसा दिसतो ते त्यांना चांगलं माहीत आहे. तो एकदा जरी मनापासून हसला तरी ते शोधायला लागतील."

"म्हणजे मी त्याला हसू द्यायचं नाही."

तिने खाली बसून फलकाचे दुसरे टोक धरले.

"चित्रशाळा काढून घेतील," वादिम घाईने म्हणाला. "फलक हलवावे लागतील."

"आमच्या दवाखान्यात न्या," ऑसिप म्हणाला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. "काय झालं? दवाखान्याला फलक लागतात. आमचे दर वर्षी तळघरात पडून असतात. प्रमुख बाई म्हणतात, ओल लागेल, काढू नका. क्रांतीची घोषणा उलगडून आत काय आहे बघायची हिंमत कोणाची आहे?"

"ऑसिप येफिमोविच," आग्निया मार्कोव्ना म्हणाली, "आज तुम्हाला लवकर कळलं."

वादिमने कोट चढवला. दाराशी त्याने लीदियाकडे पाहिले. तिने मान फिरवली. तो जिन्यावरून खाली गेला, आणि त्याची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत तिने फलकावरचा हात काढला नाही.

*

मंडळापुढे ग्लेबचे प्रकरण आलेच नाही. ज्याने काही जाळले नव्हते त्याला जाळल्याबद्दल वेडा कसे ठरवणार? काही दिवसांनी त्याला घरी सोडले. तो फार बारीक झाला होता. बशी उचलली की चहा सांडे.

वादिमचा खटला एप्रिलमध्ये उभा राहिला. ग्लेब आणि लीदिया तिसऱ्या बाकावर बसले होते, आग्निया मार्कोव्ना आणि ऑसिप त्यांच्या मागे.

बॉयलरचा गुन्हा वादिमने मान्य केला. चित्रांपाशी मात्र गाडी अडली. वकिलाने उठून नम्रपणे सांगितले की नुकसान ठरायला वस्तूला मोल असावे लागते. त्या चित्रांना मोल नाही, असे संघाच्या समितीनेच वेळोवेळी म्हटले आहे. तेव्हा तो आरोप आपोआप गळतो आणि शिक्षा निम्म्यावर येते. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही. असल्या चित्रांना किंमत आहे असे म्हणण्याची त्यालाही हौस नव्हती.

"आरोपी स्वतः मान्यवर चित्रकार आहेत," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "तुमचं काय मत? कलेच्या दृष्टीने काही मोल होतं का त्या सामानाला?"

वकिलाने वादिमकडे पाहून हलकेच मान हलवली. नाही म्हण.

वादिम उठला. तुरुंगात त्याचे पोट उतरले होते आणि कोट सैल झाला होता.

"या शहरात आमच्या पिढीने जे काही काढलं," तो म्हणाला, "त्यात उरण्यासारखं तेवढंच होतं. माझं स्वतःचं सगळं धरून."

"म्हणजे मोल होतं?"

"होतं. फार मोठं."

"हे लिहून घेऊ?"

"लिहून घ्या."

वकिलाने कागद खाली ठेवले. लिहिणाऱ्या मुलीचा टाइपरायटर चालू झाला. मागे ऑसिप नाक शिंकरत होता.

लीदियाने ग्लेबची बाही पकडली होती. तिने खालचा ओठ दातांत धरला होता. ग्लेब पुढे वाकून वादिमकडे टक लावून पाहत होता, एखादे चित्र पाहावे तसे.

"लिदा," तो हळूच म्हणाला, "त्याला माहीत होतं. माहीत असून जाळली त्याने."

लीदिया समोर बघत राहिली.